एकच टीम, तीन प्लेबुक: क्वार्टरबॅक बघून पासिंग कसं ठरतं?

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी अवतार. ज्यांना इयरफोन लावायला वेळ नाही, किंवा ऐकताना आकडे निसटले, त्यांच्यासाठी. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त पाल्हाळ कापलाय.

आजचा विषय अमेरिकन फुटबॉलचा आहे. रविवारी रात्री उशिरापर्यंत जागून एनएफएल बघणारे आपल्यात आता बरेच आहेत, आणि त्यांचा एक प्रश्न परत परत येतो. एखादा क्वार्टरबॅक एका टीममध्ये अगदीच सुमार वाटतो आणि दुसरीकडे गेला की चमकतो, किंवा उलट. हे कसं काय? खेळाडू तर तोच असतो ना?

उत्तराचा मोठा भाग असा आहे, की पासिंगची आखणी त्या खेळाडूच्या हातापायांना आणि डोक्याला जुळते का, यावर खूप काही अवलंबून असतं. हे नुसतं तत्त्व म्हणून सांगण्यापेक्षा एकाच टीमची गोष्ट सांगतो. डेन्व्हर ब्रॉंकोज, २०११ ते २०१५. पाच वर्षांत या टीमने तीन वेगवेगळ्या पद्धतींनी खेळून दाखवलं, आणि तिन्हींमधून काहीतरी शिकायला मिळतं.

आधी दोन मिनिटं नियम

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी. आक्रमण करणाऱ्या टीमला चार प्रयत्न मिळतात, त्यात १० यार्ड पुढे जायचं. गेलात तर परत चार नवे प्रयत्न. प्रत्येक प्रयत्न सुरू होतो तो स्नॅपने, म्हणजे मधला खेळाडू चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देतो. क्वार्टरबॅककडे मग तीन पर्याय असतात: रनिंग बॅकच्या हातात चेंडू द्यायचा, पुढे रिसीव्हरला फेकायचा, किंवा स्वतः घेऊन पळायचं. फेकण्याआधीच त्याला पाडलं तर तो सॅक. प्रयत्नही गेला आणि वर यार्डही गेले.

त्याला वेळ किती असतो? साधारण अडीच-तीन सेकंद. आमच्या कोडवाल्या भाषेत सांगायचं तर सगळा खेळ लेटन्सीचा आहे. बघणं, ठरवणं, हात मागे नेणं, फेकणं, हे सगळं त्या अडीच-तीन सेकंदांत बसवायचं.

‘चांगला क्वार्टरबॅक’ म्हणजे नेमकं काय चांगलं?

आपण सहज म्हणतो, ‘भारी हात आहे त्याचा’. पण कोचला हे एवढं पुरत नाही. त्याला सुटे सुटे भाग बघावे लागतात.

एक, हाताची ताकद. मैदानाची रुंदी ५३ यार्डांपेक्षा थोडी जास्त आहे. डाव्या बाजूला उभं राहून उजव्या कडेच्या रेषेजवळ फेकायचं, तर चेंडू हवेत खूप अंतर कापतो. हातात जोर नसेल तर तो पोचेपर्यंत बचाव करणारा मध्ये येतो. म्हणून कमी ताकदीच्या क्वार्टरबॅकला कडेचे लांब पास देऊ नयेत. त्याला मैदानाचा मधला भाग आणि आखूड अंतर द्यावं.

दोन, सोडण्याचा वेग. काही जणांचा हात कानाजवळून झटकन सुटतो. काही जण चेंडू आधी कमरेपर्यंत खाली नेतात आणि मग फिरवून फेकतात. दिसायला फरक एवढासा असतो, पण तेवढ्यात झटपट पासाची खिडकी बंद होते.

तीन, वाचन. स्नॅपच्या आधी समोरची रचना ओळखणं हे एक, आणि स्नॅपनंतर हलत्या चित्रात मोकळा माणूस शोधणं हे दुसरं. बऱ्याच जणांना यातलं एकच नीट जमतं.

चार, पाय. पळता येणं वेगळं आणि गर्दीत दोन पावलं सरकून जागा करणं वेगळं.

आता गोष्टीकडे.

पहिलं प्लेबुक: टिम टीबो, २०११

२०११ चा मोसम डेन्व्हरने काइल ऑर्टनला क्वार्टरबॅक घेऊन सुरू केला. पाच सामने झाले, १ विजय, ४ पराभव. मग ऑर्टनला बसवून टिम टीबोला उतरवलं. कॉलेजमध्ये प्रचंड नाव कमावलेला, पण एनएफएलच्या मापाने त्याच्या फेकीत मोठे दोष होते. हात फिरवायला वेळ लागायचा आणि अचूकता कमी होती. त्या मोसमात त्याचे फक्त ४६.५ टक्के पास पूर्ण झाले. त्या काळात लीगमधले बहुतेक नियमित क्वार्टरबॅक ६० टक्क्यांच्या आसपास असायचे.

सुरुवातीला त्याला जवळपास नेहमीच्याच पद्धतीने खेळवलं. मायामीविरुद्धचा पहिला सामना शेवटच्या काही मिनिटांत कसाबसा खेचून आणला, पण पुढच्या आठवड्यात डेट्रॉइटने ४५-१० असं धुतलं.

इथे मुख्य कोच जॉन फॉक्स आणि आक्रमणाची आखणी करणारा माइक मॅकॉय यांच्यापुढे प्रश्न होता. मोसमाच्या मधोमध, एका आठवड्यात, फेक सुधारत नाही. ती सवय वर्षानुवर्षांची असते. मग त्यांनी फेक तशीच ठेवून आखणी बदलली आणि कॉलेजमधली रीड-ऑप्शन पद्धत मोठ्या प्रमाणात आणली.

रीड-ऑप्शन म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, कारण पासिंगचा धागा इथूनच निघतो. साध्या रनमध्ये क्वार्टरबॅक चेंडू दुसऱ्याला देतो आणि मग प्रेक्षक होतो. म्हणजे १० जण ११ जणांशी लढतात. रीड-ऑप्शनमध्ये समोरच्या बचावाच्या एका माणसाला मुद्दाम कोणीच अडवत नाही. क्वार्टरबॅक त्याच्याकडे बघतो. तो माणूस रनिंग बॅककडे धावला, तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून त्याने सोडलेल्या जागेतून पळतो. तो जागेवर थांबला, तर चेंडू रनिंग बॅकला. कसंही केलं तरी तो एक माणूस चुकीचाच ठरतो. न अडवता अडवल्यासारखा. हिशोब बरोबरीत आला.

हे चालायला क्वार्टरबॅकचे पाय खरोखर धोकादायक हवेत, आणि टीबोचे होते. उंचपुरा, दणकट गडी, पाडायला दोघं लागायचे. ओकलंडविरुद्ध हे पहिल्यांदा जोरात वापरलं. टीमने २९९ यार्ड पळून काढले, टीबो आणि रनिंग बॅक विलिस मॅगही दोघांनीही शंभराच्या वर. सामना ३८-२४ ने जिंकला.

पुढच्या आठवड्यात कॅन्सस सिटीविरुद्ध तर कमालच. दोन्ही मुख्य रनिंग बॅक त्याच सामन्यात जखमी झाले, तरी टीम पळतच राहिली. टीबोने पूर्ण सामन्यात ८ पास फेकले. पूर्ण झाले फक्त २. आणि डेन्व्हर १७-१० ने जिंकलं! त्या दोनमधला एक ५६ यार्डांचा टचडाउन होता, एरिक डेकरला.

आता याला ‘पासिंगची आखणी’ म्हणायचं का? माझ्या मते हो. कारण पास कमी असले तरी ते कधी फेकायचे हे ठरलेलं होतं. टीम सतत पळते म्हटल्यावर बचावाला मागचे राखणदार, म्हणजे सेफ्टी, पुढे आणावे लागतात. ते पुढे आले की मागे रिसीव्हरसमोर एकच माणूस उरतो. म्हणजे अचूकता कमी असलेल्या फेकणाऱ्यासाठी कोचने मोठं लक्ष्य तयार करून दिलं. चिंचोळ्या फटीतून चेंडू घालायची गरजच नाही, मोकळ्या मैदानात टाक.

याचा कळस म्हणजे जानेवारी २०१२ मधला पिट्सबर्गविरुद्धचा प्लेऑफ सामना. टीबोने २१ पैकी फक्त १० पास पूर्ण केले, पण यार्ड ३१६. प्रत्येक पूर्ण पासामागे सरासरी ३१.६ यार्ड! सामना जादा वेळेत गेला. पहिलाच प्ले. डेन्व्हरने पळण्याची हूल दिली, सेफ्टी रन अडवायला पुढे आला, आणि डेमेरियस थॉमस मधल्या रिकाम्या जागेतून घुसला. चेंडू हातात, एका हाताने बचाववाल्याला ढकललं, आणि ८० यार्ड थेट एण्ड-झोनमध्ये. २९-२३. खेळ खलास.

पण मर्यादाही तिथेच दिसली

नुसती परीकथा सांगितली तर ते अर्धसत्य होईल. सलग सहा सामने जिंकल्यावर डेन्व्हर मोसमातले शेवटचे तीन सामने हरलं. शेवटचा कॅन्सस सिटीकडून ७-३ ने. आणि त्या दिवशी कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक कोण होता? काइल ऑर्टन, ज्याला डेन्व्हरने मध्येच सोडून दिलं होतं. ८-८ असा हिशोब घेऊन, इतर निकालांच्या कृपेने टीम प्लेऑफमध्ये गेली. पिट्सबर्गला हरवल्यावर पुढच्याच फेरीत न्यू इंग्लंडने ४५-१० असा निकाल लावला.

कारण सरळ आहे. ताकदीभोवती आखणी केली की कमजोरी झाकली जाते, नाहीशी होत नाही. तुम्ही दोन टचडाउनने मागे पडलात की पळत बसायला वेळ नसतो, फेकावंच लागतं. तिसऱ्या प्रयत्नाला १२ यार्ड हवे असतील तर पळण्याच्या हुलीला कोण फसणार? समोरच्या चांगल्या कोचचं कामच हे असतं, की तुम्हाला तुमच्या कमजोर जागी ढकलायचं.

दुसरं प्लेबुक: पेटन मॅनिंग, २०१२

मार्च २०१२ मध्ये डेन्व्हरने पेटन मॅनिंगला घेतलं आणि टीबोला न्यूयॉर्क जेट्सकडे पाठवलं. मानेच्या शस्त्रक्रियांमुळे मॅनिंग २०११ चा अख्खा मोसम खेळला नव्हता. हाताची ताकद पूर्वीसारखी राहिली नव्हती. पायांची तर कधीच नव्हती. म्हणजे टीबोच्या बरोबर उलटा माणूस.

लक्षात घ्या, मुख्य कोच तोच, फॉक्स. आखणी करणारा तोच, मॅकॉय. मुख्य रिसीव्हर तेच, थॉमस आणि डेकर. पुढच्या लाइनमधले बरेचसे खेळाडू तेच. प्रयोगशाळेत मांडावं तसं उदाहरण आहे हे. बदलला मुख्यतः क्वार्टरबॅक, आणि त्याच्यासाठी आखणी.

मॅनिंगची ताकद दोन गोष्टींत होती. स्नॅपच्या आधीचं वाचन आणि झटपट फेक. मग आखणी अशी झाली: क्वार्टरबॅक स्नॅपच्या वेळी चार-पाच यार्ड मागे उभा, म्हणजे पूर्ण चित्र समोर दिसतं. दोन प्लेंच्या मध्ये घोळका करून चर्चा नाही, सरळ रेषेवर येऊन उभं राहायचं. याने काय होतं? बचावाला खेळाडू बदलायला फुरसत मिळत नाही, आणि त्यांना आपली रचना आधीच उघडी करावी लागते. मग मॅनिंग बघणार, मोजणार आणि ओरडून प्ले बदलणार. समोर रन अडवायला माणसं कमी उभी असतील तर रन. जास्त असतील तर पास.

इथे बऱ्याच जणांचा एक गैरसमज होतो. त्यांना वाटतं, हुशार क्वार्टरबॅक म्हणजे शेकडो किचकट प्ले. मॅनिंगच्या बाबतीत इंडियानापोलिसपासूनच उलट होतं. रचना थोड्या, पास-मार्गांच्या जोड्या थोड्या, पण त्या इतक्या घोटलेल्या की समोर काहीही आलं तरी रिसीव्हर आणि क्वार्टरबॅक एकच उत्तर देणार. चेंडू सुटतो तेव्हा रिसीव्हर अजून वळलेलाही नसतो. हाताची ताकद कमी झाली, तर चेंडू लवकर सोडून ती भरून काढायची. पोचायला जास्त वेळ लागतो ना, मग निघतानाच लवकर निघ!

आकडे बघा. डेमेरियस थॉमसने २०११ मध्ये ३२ झेल घेतले, ५५१ यार्ड. २०१२ मध्ये ९४ झेल, १,४३४ यार्ड. २०११ मध्ये तो काही सामने दुखापतीमुळे खेळला नव्हता हे खरं, पण तेवढ्याने तिप्पट होत नाही. डेकर ४४ वरून ८५ झेलांवर.

आणि मला सगळ्यात आवडणारा आकडा सॅकचा. टीबोने २७१ पास फेकले आणि ३३ वेळा तो सॅक झाला. म्हणजे पास करायला मागे गेला की साधारण दर ९ वेळांमागे एकदा आडवा. मॅनिंगने २०१२ मध्ये ५८३ पास फेकले आणि २१ सॅक, साधारण दर २९ वेळांमागे एक. दोघांत पळणारा कोण? टीबो. सॅक कमी कोणाचे? न पळणाऱ्याचे. कारण सॅक टाळण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे चेंडू हातात न ठेवणं. आपण नेहमी लाइनला दोष देतो, पण सॅकमध्ये क्वार्टरबॅकचा स्वतःचा वाटा फार मोठा असतो.

२०१२ मध्ये डेन्व्हर १३-३. मग मॅकॉय सॅन डिएगोचा मुख्य कोच झाला, त्याच्या जागी अ‍ॅडम गेस आला, पण आखणीचा गाभा तोच ठेवला. २०१३ मध्ये मॅनिंगने ५५ टचडाउन पास आणि ५,४७७ यार्ड केले, टीमने ६०६ गुण. तिन्ही त्या वेळचे विक्रम. आणि हो, त्याच मोसमाचा सुपर बोल सिअ‍ॅटलने ४३-८ ने जिंकला. झटपट आखूड पासांवर चाललेल्या टीमला सिअ‍ॅटलच्या वेगवान बचावाने चेंडू पकडल्या-पकडल्या पाडलं, पुढे जाऊच दिलं नाही. इथेही तीच मर्यादा.

तिसरं प्लेबुक: न जुळलेलं, २०१५

२०१५ मध्ये गॅरी कुबियाक मुख्य कोच म्हणून आला. त्याची पद्धत वेगळी आणि स्वतःच्या जागी उत्तम. क्वार्टरबॅक सेंटरला चिकटून उभा राहतो, स्नॅप घेऊन बचावाकडे पाठ करतो, रनची हूल देतो आणि मग बाजूला धावत जाऊन फेकतो. चपळ क्वार्टरबॅकसाठी हे वरदान आहे. बाजूला पळाल्याने अर्धंच मैदान वाचावं लागतं आणि समोरचा दबावही टळतो.

पण मॅनिंग तेव्हा ३९ वर्षांचा. त्याची शिल्लक राहिलेली ताकद म्हणजे डोळे, आणि ही पद्धत त्याला ऐन वेळी बचावाकडे पाठ करायला लावते. पाय दुखावलेले, आणि ही पद्धत पळायला लावते. मधला मार्ग म्हणून पिस्टल नावाची रचना वापरून बघितली. क्वार्टरबॅक थोडा मागे, रनिंग बॅक त्याच्याही मागे. दोघांना अर्धं-अर्धं समाधान.

निकाल: मोसमात ९ टचडाउन पास आणि १७ इंटरसेप्शन. १५ नोव्हेंबरला कॅन्सस सिटीविरुद्ध २० पैकी ५ पास, ३५ यार्ड, ४ इंटरसेप्शन, आणि मग बाकावर. त्याच सामन्यात त्याने कारकिर्दीतल्या एकूण पासिंग यार्डांचा विक्रमही मोडला होता, काय योगायोग बघा.

सगळा दोष पद्धतीचा नव्हता. वय आणि पायाची दुखापत होतीच. पण जेव्हा खेळाडूकडे थोडंच उरलेलं असतं, तेव्हा ते थोडं वाया घालवणं परवडत नाही.

शेवट मात्र गोड झाला. डेन्व्हरचा बचाव त्या वर्षी जबरदस्त होता. मॅनिंग परतला, आणि प्लेऑफमध्ये त्याच्याकडून मागणी एवढीच होती: नीट वाच, योग्य प्ले निवड, चेंडू घालवू नकोस. तीन सामन्यांत २ टचडाउन पास, १ इंटरसेप्शन. सुपर बोल ५० डेन्व्हरने कॅरोलिनाविरुद्ध २४-१० ने जिंकला. म्हणजे शेवटी त्याच्याकडे जे उरलं होतं, तेवढंच मागितलं.

ही कल्पना नवी नाही

१९७० मध्ये सिनसिनाटी बेंगल्सकडे बिल वॉल्श नावाचा सहायक कोच होता. त्यांचा जोरदार हाताचा तरुण क्वार्टरबॅक ग्रेग कुक खांद्याच्या दुखापतीने बाद झाला. हातात आला व्हर्जिल कार्टर. हुशार, चपळ, अचूक, पण लांब फेकता येत नाही. वॉल्शने मग मैदान लांबीऐवजी रुंदीत वापरायचं ठरवलं: आखूड, ठरलेल्या पावलांवर सुटणारे पास, आणि पकडणाऱ्याने पुढे पळायचं. १९७१ मध्ये पास पूर्ण करण्याच्या टक्केवारीत कार्टर लीगमध्ये पहिला आला. हीच पद्धत वॉल्शने पुढे सॅन फ्रान्सिस्कोत जो मोंटानाबरोबर वापरली आणि तीन सुपर बोल जिंकले. आज तिला वेस्ट कोस्ट ऑफेन्स म्हणतात. एका माणसाच्या कमजोर हाताची सोय म्हणून जन्मलेली पद्धत!

आणि अलीकडचं उदाहरण, बाल्टिमोरचा लमार जॅक्सन. ड्राफ्टच्या आधी काही जाणकार त्याला ‘रिसीव्हर हो’ म्हणत होते. २०१९ मध्ये बाल्टिमोरने त्याच्या पायांभोवती अख्खं आक्रमण उभं केलं. आता यात पासिंगचा फायदा कसा, ते बघा. क्वार्टरबॅक पळणारा असेल तर बचाववाले रिसीव्हरच्या मागे पाठ फिरवून पळू शकत नाहीत, कारण पाठ फिरली की तो निसटला. त्यामुळे त्यांना बऱ्याचदा आपापली जागा राखत, क्वार्टरबॅककडे बघत उभं राहावं लागतं. मग त्या जागांच्या मधल्या फटींत टाइट एण्डना पास. जॅक्सनने त्या मोसमात ३६ टचडाउन पास दिले, वर १,२०६ यार्ड पळाला आणि एकमताने एमव्हीपी झाला. पुढे त्याची फेक सुधारत गेली, तशी त्याच्यावर पासिंगची जबाबदारीही वाढवली. २०२३ मध्ये दुसऱ्यांदा एमव्हीपी. म्हणजे ताकद दरवर्षी नव्याने मोजायची असते, एकदा शिक्का मारून मोकळं व्हायचं नसतं.

पुढच्या सामन्यात काय बघाल?

तीन गोष्टी सांगतो, मोबाइलवर बघतानाही सहज दिसतील.

पहिली, क्वार्टरबॅक स्नॅपच्या वेळी कुठे उभा आहे. मागे उभा असेल तर त्याच्या डोळ्यांवर भिस्त आहे. सेंटरला चिकटून उभा असेल तर हुलीवर.

दुसरी, स्नॅपपासून फेकेपर्यंत मनात मोजा. ‘एक, दोन’ म्हणेपर्यंत चेंडू सुटत असेल तर आखणी वेळेवर बेतलेली आहे. चारपर्यंत जात असेल तर तो लांब पासाची वाट बघतोय, किंवा अडकलाय.

तिसरी, तिसऱ्या प्रयत्नाला खूप अंतर असताना काय होतं. आधीच्या दोन प्रयत्नांत कोच स्वतःच्या मनासारखा खेळतो. लांबच्या तिसऱ्या प्रयत्नात बचाव त्याला नको तिथे ओढतो. क्वार्टरबॅकचं खरं मोजमाप तिथे होतं, आणि तशी वेळ किती कमी वेळा आली यावर कोचचं.

त्यामुळे पुढच्या वेळी ‘हा काय खेळतो, काढा याला’ असं ग्रुपवर टाकण्याआधी जरा बघा, की त्याला जे येतं ते कोणी त्याच्याकडून करून घेतंय का. कधीकधी तो खरंच सुमार असतो. पण कधीकधी ३९ वर्षांच्या माणसाला बचावाकडे पाठ करून पळायला लावलेलं असतं.

पुढच्या एपिसोडमध्ये बचावाची बाजू घेऊ: सेफ्टी पुढे येतो की मागे राहतो, एवढ्यावरून काय काय ओळखता येतं. तुमचे प्रश्न पाठवत राहा. भेटू!